पातळ पोलाद

हलक्या सायकलीचा विषय निघाला की आज पहिले नाव कार्बनचे येते, आणि त्यात चूक काही नाही. शर्यतीची चांगली कार्बन फ्रेम आठशे ग्रॅमच्या आत बसते. पोलादी फ्रेम कितीही नेटाने हलकी केली तरी दीड किलोच्या आसपास येऊन थांबते. त्याहून खाली नेणारे कारागीर थोडे. तरीही इंग्लंड, इटली, फ्रान्स, जपान, अमेरिका इथे आजही असे कारागीर आहेत, जे गिऱ्हाइकाला त्याचे वजन विचारतात, त्याची उंची आणि पायांची लांबी मोजतात, कुठल्या रस्त्याने जाणार, सोबत किती सामान नेणार याची चौकशी करतात, आणि मग मधल्या भागात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असलेल्या नळ्या जोडून त्याच्यापुरती एक फ्रेम घडवतात. तिच्यासाठी लोक महिनोन्महिने थांबतात. हे पुस्तक त्या फ्रेमविषयी आहे.

ती मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकतो. तिचे कौतुक करणारे आणि तिला नावे ठेवणारे असे दोघेही बहुधा वजनकाट्यापाशीच अडकतात. माझे म्हणणे वेगळे आहे. फ्रेममधले पोलाद कमी करताना आपण वाचवतो ते ग्रॅम थोडेच. कमी होते ती राखीव ताकद. ती ताकद मुळात कुणासाठी ठेवली होती आणि आपल्याला तिची गरज आहे का, याचा विचार ज्याने केला त्याला या फ्रेमचे खरे सुख मिळते. ज्याने केला नाही, त्याच्या पदरी पोचे आलेली महागडी सायकल पडते.

आधी हिशेब मांडू. फ्रेममध्ये मुख्य नळ्या तीन. सीटपासून हँडलपर्यंत आडवी जाते ती वरची नळी, म्हणजे आपली दांडी, जिच्यावर बसून आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातला पहिला सायकलप्रवास केला. हँडलखालून पॅडलांच्या धुरीपर्यंत तिरकी उतरते ती खालची नळी, आणि सीटखालून त्याच धुरीपर्यंत येते ती उभी नळी. जुन्या मापात दांडीचा व्यास 25.4 मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. उरलेल्या दोघींचा 28.6. चांगल्या फ्रेमच्या नळ्या सगळीकडे सारख्या जाड नसतात. टोकांना, जिथे जोड येतो, तिथे पत्रा जाड आणि मध्ये पातळ. अशा नळीला बटेड म्हणतात आणि तिची जाडी टोक, मध्य, टोक अशी सांगतात. चांगल्या फ्रेमचे एक रूढ माप 0.9-0.6-0.9 मिलिमीटर. आज ज्याला अतिहलके म्हणतात ते 0.7-0.4-0.7. म्हणजे पत्रा सगळीकडून 0.2 मिलिमीटरने कमी. पोलादाची घनता 7.85 धरून गुणाकार केला, तर तिन्ही नळ्या मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वाचतात. सायकलच्या बाटलीतले अर्धे पाणीसुद्धा याहून जड भरते. सत्तर किलोचा स्वार नऊ किलोच्या सायकलवर तासाभराचा चढ चढत असेल, तर एवढ्या वजनाने त्याचे जेमतेम दहा सेकंद वाचतील.

दहा सेकंदांसाठी कुणी वाट पाहत बसत नाही. लोक थांबतात ते दुसऱ्याच एका गुणासाठी. पत्रा 0.6 वरून 0.4 वर आला की नळीचा मधला भाग वाकायला आणि पिळायला एक तृतीयांशाने सोपा होतो. फ्रेम लवते. सायकलच्या बाजूला उभे राहून ती किंचित कलती धरा आणि खालच्या पॅडलवर पाय दाबा. धुरीचा भाग डोळ्यांदेखत बाजूला सरकतो आणि पाय काढताच जागेवर येतो. जाड नळीच्या फ्रेमवर हीच हालचाल इतकी थोडी असते की शोधावी लागते. चालवताना हे लवणे डोळ्यांना दिसत नाही, पायांना मात्र कळते. उभे राहून चढ चढताना पॅडल खालच्या टप्प्यात आले की पायाला धक्का बसत नाही, ताकद थोडी लांबून, गोलाईने उतरते. ज्याने असा चढ एकदा चढला आहे त्याला पुन्हा ताठ फ्रेमवर बसवले, की त्याची पहिली तक्रार गुडघ्यांची असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण दुकानांतून ती नेहमी उलटी सांगितली जाते. पोलाद स्वस्त असो की महाग, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. साध्या सायकलचे मऊ पोलाद घ्या किंवा रेनॉल्ड्स कंपनीचे 953 नावाचे अत्यंत महाग स्टेनलेस घ्या, सारख्या मापाच्या नळ्या सारख्या भाराखाली सारख्याच वाकतात. फरक पडतो तो मजबुतीत, म्हणजे किती ताणल्यावर नळी तुटते यात. साधे पोलाद 400 मेगापास्कलच्या आसपास हार मानते. रेनॉल्ड्सचे जुने 531 हे 700 ते 900 पर्यंत टिकते, 853 हे 1250 च्या पुढे जाते आणि 953 हे 1750 च्याही पुढे. तेव्हा महाग पोलादाचे पैसे मोजून ताठपणा मिळत नाही. पत्रा पातळ करण्याची मुभा मिळते, आणि ती मुभा घेतली की फ्रेम आपोआप लवचिक होते.

लवचिकपणा नको असेल तर उपाय सोपा आहे: व्यास वाढवा. नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 28.6 ऐवजी 31.8 मिलिमीटरची नळी घेतली, तर तेवढ्याच पत्र्यात ती सुमारे सदतीस टक्क्यांनी ताठ होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून शर्यतीच्या पोलादी फ्रेम या वाटेने गेल्या, कारण समोर ॲल्युमिनियमच्या जाडजूड नळ्या उभ्या ठाकल्या होत्या. त्या फ्रेमही हलक्या असतात आणि उत्तम असतात. पण त्यांची जात वेगळी. या पुस्तकाचा ओढा जुन्या, सडपातळ नळ्यांकडे आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

बटेड नळीचे पेटंट 1897 चे. बर्मिंगहॅममधल्या खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने ते घेतले. त्याआधी जोड मजबूत करायचा तर नळी सगळीकडे जाड घ्यावी लागे, नाहीतर टोकाला आतून आणखी एक तुकडा बसवावा लागे. रेनॉल्ड्सची करणी अशी: नळीच्या आत पायऱ्या काढलेला पोलादी गज घालायचा आणि दोन्ही मिळून साच्यातून खेचायचे. बाहेरून नळी सरळ राहते, आतून मात्र गजाचा आकार घेते. मग पंचाईत अशी, की टोके आतून अरुंद झाल्यावर मधला जाड गज बाहेर निघणार कसा? त्यासाठी नळी तिरक्या रुळांखालून फिरवतात. तिचा पत्रा किंचित फुगतो आणि तेवढ्या ढिलाईत गज सुटतो. अशी नळी कुठे मिळाली तर ती एका हातात सैल धरून दुसऱ्या हाताच्या नखाने टोकापासून मध्याकडे वाजवत जा. टोकाशी आवाज घट्ट आणि आखूड येतो. मग दोन बोटांच्या अंतरात तो बदलतो, पोकळ होतो, लांबतो. तिथे पत्रा पातळ झालेला असतो. कारागीर नळी कापण्याआधी ही जागा शोधून खूण करतो, कारण लहान मापाच्या फ्रेमसाठी कापताना चुकीच्या टोकाकडून जास्त कापले, तर जाड भागच निघून जातो आणि जोड पातळ पत्र्यावर येतो.

1935 मध्ये रेनॉल्ड्सने मँगेनीज आणि मॉलिब्डेनमचे 531 आणले. मिलानमध्ये आंजेलो लुइजी कोलोंबोची कोलंबस कंपनी 1919 पासून होती. या दोन घराण्यांच्या नळ्यांवर युरोपातल्या शर्यती पुढची कित्येक दशके धावल्या. तो इतिहास पुढे सविस्तर आला आहे, म्हणून इथे मी फक्त 753 वर थोडा रेंगाळतो. पातळपणा म्हणजे काय हे ज्या नळीने सगळ्यांत स्पष्ट शिकवले ती हीच, असे मला वाटते.

753 म्हणजे 531 वरच उष्णतेची प्रक्रिया करून केलेली, जास्त मजबूत आणि म्हणून जास्त पातळ काढलेली नळी. ती 1970 च्या दशकात आली. तिची मजबुती उष्णतेतून आलेली असल्यामुळे उष्णतेनेच जाऊ शकत होती. पितळेचा डाक द्यायला जोड नऊशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. तेवढ्या आचेत 753 चे सत्त्व निघून जाते. म्हणून चांदीचा डाक हवा, जो सहाशे-सातशे अंशांत वाहतो. पण चांदीचा डाक फटी भरून काढत नाही, तेव्हा नळी आणि लग, म्हणजे जोडावर नळ्यांची टोके जिच्यात बसतात ती पोलादी खोबण, यांचा बसाव अगदी अचूक लागतो. आणि फ्रेम जोडून झाल्यावर ती किंचित वाकडी निघाली, तर इतर फ्रेम थंड असताना दाबून सरळ करतात तशी ही करता येत नाही. पहिल्याच फटक्यात सरळ जोडली पाहिजे. रेनॉल्ड्सने म्हणूनच नियम केला होता की ज्याला 753 हवी त्याने आधी नमुन्याचा जोड करून पाठवायचा. तो तपासून पसंत पडला तरच नळ्या मिळत. कारखानदाराने गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यावी हे व्यापारात क्वचित दिसते. मला त्या नियमाचा फार आदर वाटतो.

या कथेत आपल्या ओळखीची एक कडी आहे. रेनॉल्ड्स 1928 मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश उद्योगसमूहात गेली. हर्क्युलस सायकल कंपनी 1946 मध्ये त्याच समूहात आली आणि रॅले 1960 मध्ये. याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने मुरुगप्पा घराण्याबरोबर 1949 मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स काढली, आणि हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स ही नावे महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचली. त्या सायकलीकडून काय काय अपेक्षित होते ते आठवून पाहा. मागे दुधाचे कॅन, पुढे दांडीवर पोर, कॅरिअरवर बायको किंवा धान्याचे पोते, खाली खडीचा रस्ता, आणि दुरुस्तीला पारावरचा मिस्त्री, ज्याच्याजवळ पाना, हातोडी आणि पंक्चरचे सामान यापलीकडे फारसे काही नसे. ती सायकल कोण चालवणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नव्हते. पंचेचाळीस किलोची शाळकरी मुलगी चालवेल किंवा नव्वद किलोचा गवळी. म्हणून तिच्या नळीत दोघांना पुरून उरेल एवढे पोलाद घातलेले होते, आणि तिचे वीस किलोच्या घरातले वजन ही त्या अनोळखी माणसाची केलेली सोय होती. तिला ढोबळ म्हणणाऱ्यांशी माझे कधी जमत नाही.

त्याच समूहाच्या दुसऱ्या टोकाला, इंग्लंडमधल्या इल्केस्टन गावी, रॅलेचा एक खास विभाग 1974 पासून शर्यतीच्या फ्रेम हाताने बांधत होता. टीआय-रॅले संघाच्या स्वारांसाठी 753 च्या फ्रेम तिथे बनत. 1980 मध्ये योप झूटमेल्कने टूर द फ्रान्स जिंकली ती याच संघाकडून. तिथे स्वाराचे नाव, वजन, उंची, शर्यतीचा रस्ता सगळे ठाऊक. मागे संघाची गाडी, गाडीवर दुसरी सायकल तयार, आणि रोज संध्याकाळी फ्रेमवरून हात फिरवणारा मेकॅनिक. गवळ्यासाठी राखून ठेवलेले पोलाद इथे कुणासाठीच लागत नव्हते, म्हणून ते काढून टाकता आले.

हीच रीत शेवटच्या टोकाला नेली ती एडी मर्क्सच्या सायकलने. 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत मर्क्सने एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापले. त्यासाठी एर्नेस्तो कोल्नागोने कोलंबसच्या अतिपातळ नळ्यांतून बांधलेली सायकल सगळी मिळून 5.75 किलोची होती. आज जागतिक सायकल महासंघ शर्यतीच्या सायकलीला 6.8 किलोची किमान मर्यादा घालतो. ही पोलादी सायकल त्याहून किलोभर हलकी. साखळीच्या कड्यांना भोके पाडलेली, हँडलला भोके पाडलेली, हँडलचा स्टेम टायटॅनियमचा. ती आज ब्रसेल्समध्ये मर्क्सच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात काचेआड आहे. ती पाहणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की ती एका माणसासाठी, एका गुळगुळीत ट्रॅकसाठी आणि एका तासासाठी बनवलेली होती. तिला खड्डा ठाऊक नव्हता. तिला ब्रेकसुद्धा नव्हते. पुढे अनेक हौशी लोकांनी तसल्याच नळ्यांच्या फ्रेम रस्त्यासाठी हौसेने मागवल्या. ती हौस मला समजते, पण ती मागणी चुकीची होती.

मला स्वतःला मर्क्सच्या सायकलपेक्षा फ्रान्समधली एक जुनी परंपरा जास्त जवळची वाटते. 1930 आणि 1940 च्या दशकांत तिथे कॉन्कूर द मशीन नावाच्या चाचण्या होत. कारागिराने सायकल आणायची, पण नुसती फ्रेम आणि चाके असून भागत नसे. मडगार्ड, दिवे हे सगळे प्रवासाचे साहित्य लावलेले हवे. मग ती डोंगरातल्या खराब रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर चालवायची. वजन कमी त्याला गुण, आणि वाटेत काही तुटले, सैल झाले, खडखडले तर गुण वजा. पॅरिस परिसरातल्या अलेक्स सिंगर आणि रने हर्स यांच्यासारख्यांनी अशी सगळी साहित्यसंपन्न सायकल आठ किलोच्या आत आणून दाखवली. हलकेपणाची याहून प्रामाणिक कसोटी मला माहीत नाही. तिथे काट्यावरचा आकडा आणि डोंगरातला रस्ता दोघांनाही उत्तर द्यावे लागे.

आता वादाच्या प्रश्नाकडे येतो. लवणारी फ्रेम स्वाराची ताकद खाते की राखते? शर्यतीच्या जगात दोन-तीन पिढ्यांना पढवले गेले की खाते. फ्रेम जितकी ताठ तितकी वेगवान. पोलादाचा स्वभाव मात्र असा की वाकवण्यात घातलेली शक्ती ते जवळजवळ पूर्ण परत करते. उष्णता होऊन वाया जाते ती नगण्य. प्रश्न राहतो तो ती शक्ती परत केव्हा आणि कुठे मिळते एवढाच: चाकाला मिळते की नुसती पायाला मागे ढकलते. सिएटलहून निघणाऱ्या ‘बायसिकल क्वार्टरली’ या नियतकालिकाने यावर एक चाचणी केली. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या, फक्त नळ्यांच्या पत्र्यात फरक असलेल्या फ्रेम बनवून घेतल्या आणि कोणती कुठली हे न सांगता स्वारांना चढावर पिटाळले. काहींना फरक ओळखता आला, आणि लवचिक फ्रेमवर जास्त जोर लावता आल्याचेही दिसले. संपादक यान हाइने गेली अनेक वर्षे हा मुद्दा लावून धरत आले आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे, तरी सांगतो की मूठभर स्वारांवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. स्वाराचे वजन, पॅडल फिरवण्याची लय, ताकद लावण्याची ढब यांवर हे सगळे अवलंबून आहे. एकाला जी फ्रेम साथ देते ती दुसऱ्याला वेताच्या काठीसारखी लिबलिबीत वाटते. एवढे मात्र नक्की, की लवणाऱ्या फ्रेमवर जिंकता येत नाही हे खोटे आहे. आयर्लंडचा शॉन केली, ज्याने 1982 ते 1988 अशी सलग 7 वर्षे पॅरिस-नीस शर्यत जिंकली, त्याने त्यातला बराच काळ व्हिट्यूसच्या सडपातळ ॲल्युमिनियम फ्रेमवर काढला. त्या फ्रेम लवचिकपणासाठीच ओळखल्या जात, आणि केली तर शेवटच्या दोनशे मीटरांत सर्व बळ ओतणारा स्प्रिंटर.

आता उणिवा. पहिली पोच्यांची. पत्रा पोचा पडण्याला करतो तो विरोध साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, 0.6 चा 0.4 झाला की तो निम्म्याहून खाली येतो. पोलाद जास्त मजबूत असेल तर त्यातले थोडे भरून निघते, सगळे नाही. आणि पोचा पडायला मोठा अपघात लागत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने नवी सायकल कठड्याला टेकवून चहा घेतला. सायकल हळूच घसरली, पुढचे चाक वळले, हँडलचे टोक फिरून दांडीवर आपटले. आवाजही फारसा झाला नाही. दांडीच्या बरोबर मध्यावर, पत्रा सगळ्यांत पातळ तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा खळगा. असा खळगा फ्रेमला बहुधा धोक्याचा नसतो, पण जीवाला लागतो. सायकल एसटीच्या टपावर दोरीने करकचून बांधली, रेल्वेच्या मालडब्यात इतर सामानाखाली गेली, दुरुस्तीच्या स्टँडमध्ये नळीलाच पकडली, तर असे खळगे नक्की. पातळ फ्रेम नेहमी सीटच्या दांड्याला पकडून टांगावी.

दुसरी उणीव थकव्याची. पोलादाला एक मोठे वरदान आहे: ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर ते कितीही फेऱ्यांनंतर तुटत नाही. पत्रा 0.6 चा 0.4 केला की तोच भार दीडपट ताण देतो आणि ती मर्यादा जवळ येते. मग लहान लहान गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. जोडाजवळ कानशीने राहिलेला ओरखडा, डाक देताना जास्त तापलेली जागा, आतून गंजून पडलेला खड्डा, तडा इथूनच सुरू होतो. समाधानाची बाब एवढी की पोलाद बहुधा सांगून तुटते. कुईकुई आवाज येतो, रंगावर केसासारखी रेघ दिसते, सायकल वळणावर वेगळी वाटू लागते. ऐकणाऱ्याला वेळ मिळतो.

गंजाबद्दल कोकणातल्या वाचकाला मी काही सांगण्याची गरज नाही. जाड नळीला आतून दोन दशांश मिलिमीटर गंज लागला तर तिला पत्ताही लागत नाही. 0.4 च्या नळीत तेवढा गंज म्हणजे निम्मी नळी गेली. पावसाळ्याआधी नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फिरवणे आणि पावसातून आल्यावर सीटचा दांडा काढून फ्रेम उलटी करून पाणी निथळू देणे या फ्रेमवर ऐच्छिक नाही.

तिसरी गोष्ट वेगात होणाऱ्या थरथरीची. उतारावर विशिष्ट वेगाला हँडल डावी-उजवी थरथरू लागते आणि थांबत नाही, असा अनुभव काहींना येतो. कारणे अनेक असतात, त्यातले एक म्हणजे पिळली जाणारी पातळ दांडी आणि मागे कॅरिअरवर लादलेले वजन. अशा वेळी गुडघा दांडीला टेकवावा, सीटवरचा भार हलका करावा. थरथर बहुधा विरते. पण ज्याला मागे पंधरा किलो सामान बांधून महिनाभर हिंडायचे आहे त्याने 0.4 च्या नळीच्या वाटेला जाऊ नये. त्याने 0.8-0.5-0.8 घ्यावी किंवा त्याहून जाड. त्याचे काहीही बिघडणार नाही.

आणि दुरुस्ती. पोलादी फ्रेम कुठेही वेल्ड करून घेता येते, असे आपण नेहमी म्हणतो. जाड नळीसाठी ते खरे आहे. पातळ नळीवर गावातल्या वेल्डरने आर्क धरली तर क्षणात भोक पडेल. लग असलेली, डाक देऊन जोडलेली फ्रेम मात्र जाणत्या हातांत खरोखरच पुन्हा उभी राहते: जोड तापवून खराब नळी काढायची, नवी बसवायची. कार्बनच्या मानाने हा मोठा गुण आहे, पण ते जाणते हात आपल्याकडे मोजके आहेत आणि हे फ्रेम मागवण्याआधी लक्षात घ्यायला हवे.

इतके सगळे असून ही फ्रेम मराठी वाचकासमोर का मांडायची? कारण तिचा उपयोग होईल असा स्वार आता आपल्याकडे तयार झाला आहे. पुणे, मुंबई, नाशिक आणि इतर अनेक शहरांतून आज नियमितपणे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, निघतात: 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. त्यातून पुढे जाऊन काही जण पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसच्या बाराशे किलोमीटरला उतरतात. हा स्वार शर्यत करत नाही, पण रात्रभर घाट चढतो. त्याच्याजवळ सामान थोडेच असते: एक पिशवी, रेनकोट, दोन ट्यूब. तो स्वतःची सायकल स्वतः सांभाळतो. आणि त्याला शंभराव्या किलोमीटरपेक्षा तीनशेव्या किलोमीटरला पाय कसे आहेत याची जास्त काळजी असते. सिंगर आणि हर्स ज्याच्यासाठी सायकली बांधत होते तो हाच माणूस. आपले रस्ते खराब आहेत म्हणून पातळ फ्रेम नको, हा आक्षेप मी ऐकला आहे. खड्ड्याचा पहिला धक्का टायर घेते, फ्रेम नव्हे. रुंद, कमी हवेचे टायर बसेल एवढी जागा फ्रेममध्ये आणि पुढच्या चिमट्यात ठेवली, तर हा आक्षेप बराचसा निकालात निघतो.

दुसरे कारण मला याहून मोलाचे वाटते. तयार फ्रेम बनवणारे बहुतेक कारखाने लहान मापाच्या फ्रेमलाही मोठ्या मापाच्याच नळ्या वापरतात. नळी आखूड झाली की ती आणखी ताठ होते. त्यामुळे सहा फुटी, पंच्याऐंशी किलोच्या माणसाला जी फ्रेम छान लवचिक लागते, तिचेच लहान माप पाच फुटी, पन्नास किलोच्या बाईला लोखंडी बाकासारखे लागते. तिच्यासाठी राखून ठेवलेली ताकद तिच्या आयुष्यात कधीच वापरली जाणार नाही. ती फक्त तिच्या मनगटांना आणि कमरेला बसते. आपल्याकडे सायकल चालवणाऱ्या कितीतरी स्त्रिया आणि अंगाने बारीक पुरुष याच वजनाचे आहेत, आणि सायकल आपल्याला सोसत नाही असे म्हणून त्यातले काही ती सोडूनही देतात. 0.7-0.4-0.7 ची नळी त्यांच्यासाठी चैन नाही. त्यांच्या वजनाला तेच योग्य माप आहे.

पुढची प्रकरणे कुठल्याही क्रमाने वाचता येतील. नळी कशी ओढतात आणि जोड कसा देतात याची गोडी असलेल्याने सुरुवातीपासून जावे. ज्याला लगेच फ्रेम बनवून घ्यायची आहे त्याने शेवटच्या प्रकरणातला तक्ता आधी काढावा, त्यात आपले खरे वजन घालावे, कपडे, बूट आणि भरलेल्या बाटल्यांसकट, आणि मगच कारागिराला पत्र लिहावे.